राग अन्नावर का निघतो?



"राग अन्नावर काढू नये" हे वाक्य लहानपणी तुम्ही कितीदा ऐकले असेल याचा हिशोब नाही. घरात खटका उडाला की कोणीतरी ताटावरून उठते. सासू-सुनेचा अबोला असला की एकजण "मला भूक नाही" म्हणून झोपून जाते. समेट झाला की कोणीतरी ताट वाढून आणते आणि "दोन घास खाऊन घे" म्हणते. माणसाचे खाणे त्याच्या नात्यांशी बांधलेले असते, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.

पण खाणे खरोखर बिघडते, मुलगी महिनोन्‌महिने नीट जेवत नाही किंवा खाल्लेले ओकून टाकते, तेव्हा नेमके हेच आपण विसरतो. आई मुलीला ओपीडीत पुढे करून म्हणते, "पोरगी जेवतच नाही जी, काहीतरी ताकदीचं लिहून द्या." आम्ही डॉक्टरही भात किती, पोळी किती, वजन किती एवढेच विचारतो. रक्त तपासतो, टॉनिक लिहितो, फारच आग्रह झाला तर एक सलाईन लावतो. त्या मुलीच्या आयुष्यात सध्या काय चालले आहे, हा प्रश्न बाहेर रांग लागलेली असताना राहूनच जातो.

आजचा लेख त्या राहून गेलेल्या प्रश्नाबद्दल आहे. खाण्याच्या आजारांवर बोलण्याचा एक उपचार आहे, जो माणसाच्या नात्यांवर काम करतो. त्याचे नाव इंटरपर्सनल सायकोथेरपी, थोडक्यात आयपीटी. मराठीत आपण त्याला नातेकेंद्री उपचार म्हणू. माझे मत आधीच सांगून टाकते. खाण्याच्या काही आजारांत हा उपचार खरोखर काम करतो. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच आहेत, म्हणून तो देऊ शकणारी माणसे आपण इथेच तयार करायला हवीत. मात्र खाण्याच्या सगळ्या आजारांना तो पुरत नाही, आणि तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे.

खाण्याचे आजार म्हणजे कोणते?

मुख्य तीन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला अ‍ॅनोरेक्सिया. यात माणूस खाणे इतके कमी करतो की वजन धोकादायकरीत्या घसरते, आणि तरीही त्याला त्याचे गांभीर्य वाटत नाही.

दुसरा बुलिमिया. यात थोड्या वेळात खूप खाल्ले जाते, खाताना ताबा सुटल्यासारखे वाटते, आणि मग वजन वाढू नये म्हणून घशात बोट घालून उलटी केली जाते, जुलाबाच्या गोळ्या घेतल्या जातात किंवा दोन दिवस उपाशी राहिले जाते. यात वजन बहुतेकदा नॉर्मल असते, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

तिसरा बिंज ईटिंग. ताबा सुटून खाणे होते, पण नंतर उलटी वगैरे काही नाही. मागे राहते ती फक्त शरम.

हे आजार मुलींमध्ये जास्त दिसतात, पण मुलांनाही होतात. हे नखरे नाहीत, हट्ट नाही आणि कोणाच्या संस्काराचा दोषही नाही. अनुवंशिकता, डाएटिंग, स्वभाव, आजूबाजूची टोमणेबाजी अशी अनेक कारणे त्यात मिसळलेली असतात.

"हे तर शहरातल्या श्रीमंतांचे आजार!"

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, इथे लोकांना पोटभर मिळत नाही आणि तुम्ही हे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. आपल्या भागात मुलगी बारीक असेल तर बहुतेक वेळा कारण कुपोषण, रक्तक्षय, सिकलसेल, मलेरिया, टीबी किंवा जंत यांपैकीच असते. म्हणून वजन घटत असेल तर आधी या तपासण्या, सोबत थायरॉईड आणि साखर. त्यांना पर्याय नाही.

अडचण सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर सुरू होते. "काही नाही झालं, खात जा" असे सांगून आपण तिला घरी पाठवतो. आजूबाजूला बारीक मुली इतक्या असतात की जिचे कारण वेगळे आहे, ती त्या गर्दीत दिसतच नाही.

शिवाय भारतातल्या अनेक मुली पुस्तकात लिहिल्याप्रमाणे "मी जाड आहे" असे म्हणत नाहीत. १९९५ मध्ये दिल्लीच्या एम्समधील मानसोपचारतज्ज्ञांनी अशा तरुण मुलींचे वर्णन प्रसिद्ध केले होते. खायला नकार, सततच्या उलट्या, घटलेले वजन आणि थांबलेली पाळी, हे सगळे होते. पण आपल्या शरीराबद्दलची ती ठरावीक तक्रार नव्हती. आपल्याकडच्या मुली म्हणतात, "घशाखाली उतरत नाही", "पोट भरल्यासारखं वाटते", "मळमळते". मग गॅसची गोळी मिळते, किंवा बाहेरचे लागले म्हणून पुजाऱ्याकडे नेले जाते.

न विचारलेला आजार नसल्यासारखाच राहतो, हे गडचिरोलीने जगाला एकदा दाखवून दिले आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. दुखणे होतेच, विचारणारे कोणी नव्हते. खाण्याच्या आजारांचे प्रमाण इतके मोठे आहे असे मी अजिबात म्हणत नाही. विचारल्याशिवाय कळत नाही, एवढेच म्हणते.

समजा, अशी एक मुलगी आहे

ही कोणी एक खरी रुग्ण नाही, समजण्यासाठी रचलेले उदाहरण आहे.

कुरखेड्याकडच्या एका गावातली १९ वर्षांची मुलगी. घरी चार एकर धान. नर्सिंगसाठी चंद्रपूरला वसतिगृहात राहायला आली. खोलीतल्या मुली तिच्या झाडीबोलीला हसतात, "किती भात खातेस गं" म्हणतात. जिने तिला वाढवले ती आजी गेल्या पावसाळ्यात वारली. परीक्षा होती, रस्ता बंद होता, तिला वेळेत पोहोचता आले नाही. इकडे काकांनी एक स्थळ आणले आहे. बाबा म्हणतात चांगले घर आहे. आई काहीच बोलत नाही.

ती दिवसभर जवळजवळ काही खात नाही. रात्री सगळ्या झोपल्या की बिस्किटांचे पुडे, फरसाण, डब्यातला उरलेला भात असे सगळे संपवते आणि बाथरूममध्ये जाऊन ओकते. दात आंबल्यासारखे होतात, गाल कानाखाली सुजतात. कोणीतरी गालफुगी म्हणते. वजन नॉर्मल.

आता तिला "उलटी करू नकोस" सांगून काय होणार आहे? ते तिलाही माहीत आहे. मैत्रिणी हसल्या, घरून फोन आला, आजीची आठवण आली की मन खाली जाते. खाल्ले की घटकाभर बरे वाटते. मग शरम येते. शरम लपवायला ती माणसांपासून आणखी दूर जाते. एकटेपणा वाढला की रात्रीचे खाणेही वाढते. हे चक्र कुठेतरी तोडायला हवे, आणि नातेकेंद्री उपचार ते नात्यांच्या बाजूने तोडायचा प्रयत्न करतो.

या उपचारात होते तरी काय?

साधारण आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तास, अशा १६ ते २० भेटी. म्हणजे चार-पाच महिने. तीन टप्पे असतात.

पहिल्या काही भेटींत एक कालपट मांडला जातो. कागदाच्या एका बाजूला खाण्याचा त्रास कधी सुरू झाला, कधी वाढला, कधी कमी झाला. दुसऱ्या बाजूला त्या त्या वेळी आयुष्यात काय घडत होते. बऱ्याच रुग्णांना हा संबंध कागदावर पहिल्यांदाच दिसतो. मग जवळच्या माणसांची यादी होते. कोणाशी मन मोकळे करता येते, कोणाशी बोलणे तुटले आहे, कोणाकडून काय अपेक्षा होती आणि काय मिळाले.

त्यातून त्रासाचे मूळ चारपैकी कोणत्या कप्प्यात आहे ते ठरवतात. एक, जवळच्या माणसाच्या मृत्यूचा न सरलेला शोक. दोन, नात्यातला वाद, मग तो उघड असो वा अबोल्यातला. तीन, आयुष्यातला मोठा बदल, जसे वसतिगृह, लग्न, बाळंतपण, नोकरी सुटणे. चार, मुळातच माणसे जोडता न येणे, एकटेपणा. आपल्या उदाहरणातल्या मुलीकडे पहिले तीनही आहेत. पण एकाच वेळी सगळे उपसत नाहीत. एक किंवा फार तर दोन निवडतात.

मधला टप्पा सर्वांत मोठा. वाद असेल तर, नेमके काय हवे आहे आणि ते कोणाला, कसे सांगायचे याची तयारी होते. "बाबा, कोर्स संपेपर्यंत स्थळ बघू नका" हे एक वाक्य बोलायला काही मुलींना महिना लागतो. थेरपिस्टसमोर ते म्हणून बघायचे, बाबा काय उत्तर देतील याचा विचार करायचा, मामाला किंवा मोठ्या ताईला मध्ये घ्यायचे का ते ठरवायचे. शोक असेल तर आजीबद्दल मनसोक्त बोलायचे, तिच्यावरचा रागसुद्धा. शेवटच्या टप्प्यात थेरपीचाच निरोप घ्यायचा असतो, आणि पुढे त्रास पुन्हा डोके वर काढू लागला तर ओळखायचे कसे, हे ठरवायचे असते.

यात उपदेश नसतो आणि आईबापांवर खटलाही नसतो. बुलिमियासाठी हा उपचार पहिल्यांदा वापरला गेला, तेव्हा तर सुरुवातीच्या भेटींनंतर खाण्याचा विषयच काढायचा नाही असा नियम होता. हे ऐकून नातेवाईक चक्रावतात. "खाण्याचा आजार आणि खाण्यावर बोलतच नाहीत?" हो, आणि तरीही फरक पडला.

पुरावा काय म्हणतो?

हा उपचार १९७० च्या दशकात अमेरिकेत जेराल्ड क्लेरमन आणि मिर्ना वाइसमन यांनी नैराश्यासाठी विकसित केला. पुढे ऑक्सफर्डमध्ये क्रिस्टोफर फेअरबर्न बुलिमियासाठी सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्याच्या थेरपीची परीक्षा घेत होते. तुलनेला काहीतरी हवे म्हणून त्यांनी आयपीटी घेतली. उपचार संपले तेव्हा सीबीटी पुढे होती. पण वर्षभराने पाहिले तर दोन्ही गट जवळपास सारखे बरे होते. आयपीटी घेतलेल्या स्त्रिया उपचार संपल्यानंतरही सुधारत राहिल्या होत्या.

२००० मध्ये अमेरिकेत २२० रुग्णांवर हीच तुलना झाली. उपचार संपताना सीबीटी गटातले २९ टक्के पूर्ण बरे होते, आयपीटी गटातले फक्त ६ टक्के. वर्षभराने मात्र दोन गटांत ठोस फरक उरला नव्हता. याचा अर्थ असा की हा उपचार चालतो, पण हळू चालतो. बुलिमियात सीबीटी मिळत असेल तर आधी तीच घ्यावी, हे मी रुग्णांना स्पष्ट सांगते. ती जमली नाही किंवा मिळाली नाही, आणि त्रासाचे मूळ नात्यांत दिसत असेल, तर आयपीटी हा चांगला पर्याय आहे. बिंज ईटिंगमध्ये २००२ च्या एका अभ्यासात १६२ जणांना गटात बसवून उपचार दिले गेले, आणि तिथे दोन्ही थेरपी बरोबरीत राहिल्या.

अ‍ॅनोरेक्सियाचे चित्र वेगळे आहे. न्यूझीलंडमध्ये ५६ स्त्रियांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आयपीटी मागे पडली. आहार आणि वजनाकडे लक्ष ठेवून धीर देणारी साधी वैद्यकीय देखरेख तिच्यापेक्षा सरस ठरली. उपाशी मेंदूला नात्यांवर विचार करण्याची ताकद नसते. तिथे आधी अन्न आणि वजन, बाकी सगळे नंतर. किशोरवयीन मुलींत तर डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली आईवडिलांनीच जेवणाचा ताबा घ्यायचा असतो.

आपल्या जिल्ह्यांत हे करणार कोण?

भामरागड किंवा सिरोंच्याहून दर आठवड्याला नागपूरला जाऊन थेरपी घ्या, हे सांगायला सोपे आहे. बसभाडे, बुडालेली मजुरी, आणि मुलीला एकटे पाठवायचे नाही म्हणून सोबत एक माणूस. चार भेटींच्या पुढे कोणी टिकणार नाही.

पण आयपीटीची एक जमेची बाजू आहे. तिची रचना ठरलेली आहे, भेटी मोजक्या आहेत, आणि ती तज्ज्ञ नसलेल्यांना शिकवता येते. युगांडाच्या खेड्यांत तिथल्याच प्रशिक्षित लोकांनी नैराश्यासाठी ती गटात दिली आणि चांगला फरक पडला. तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या शेजारी गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मानस' प्रयोगात स्थानिक तरुणींना समुपदेशक म्हणून तयार केले. आजार समजावून सांगणे, गरजेप्रमाणे औषधे आणि आयपीटी, असा तो एकत्रित उपचार होता. सरकारी आरोग्य केंद्रांत सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले, नेहमीच्या पद्धतीत ४३ टक्क्यांच्या आसपास. हे काम नैराश्य आणि चिंतेवरचे होते, खाण्याच्या आजारांवरचे नव्हे, हे विसरून चालणार नाही. पण "गावातल्या माणसाला हे जमणार नाही" या आक्षेपाला त्यात उत्तर आहे.

आणि हा आक्षेप गडचिरोलीत तरी कोणी घेऊ नये. 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि तीन वर्षांत नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक कमी झाले. हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतले किशोरवयीन मुलांसाठीचे समुपदेशक, आश्रमशाळा आणि वसतिगृहांच्या अधीक्षिका, निवडक आशाताई यांना दोन गोष्टी शिकवा. खाण्याच्या आजाराची शंका कशी घ्यायची, आणि नात्यांबद्दल कसे विचारायचे. त्यांतल्या काहींना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली पूर्ण उपचार शिकवा. वजन, पोटॅशियम आणि ईसीजी डॉक्टरांकडेच राहू द्या. आणखी एक गोष्ट. बोलण्याचा उपचार रुग्णाच्या बोलीतच व्हायला हवा. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलीला आजीच्या मृत्यूबद्दल प्रमाण मराठीत रडायला लावणे हा उपचार नव्हे.

तोपर्यंत घरच्यांनी काय करावे?

तिच्या शरीरावर बोलू नका. "किती वाळलीस" आणि "आता बरी भरलीस" ही दोन्ही वाक्ये सारखीच टोचतात. पाहुण्यांसमोर ताटाचा विषय नको. "जेवलीस का?" यासोबत "आज कोणाशी बोललीस? कसं चाललंय तुझं?" हेही विचारा, आणि उत्तर आले की लगेच सल्ला देऊ नका.

"लग्न झालं की सुधारेल" हे मनातून काढून टाका. लग्न हा स्वतःच आयुष्यातला मोठा बदल आहे. आजारी मुलीवर तो लादला तर आजार वाढू शकतो.

पुजाऱ्याकडे जाऊन आलात तर मी रागावणार नाही. पण तपासणी थांबवू नका.

आणि हा लेख वाचणारी तूच ती रात्री ओकणारी मुलगी असशील, तर तुला एवढेच सांगते. तू घाणेरडी नाहीस, कमजोर मनाची नाहीस. या आजाराला नाव आहे आणि उपचारही. एका माणसाला सांग. आई नसेल तर मावशी, मैत्रीण, वसतिगृहातली ताई, कोणीही चालेल. कोणीच नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन कर. तो मोफत आहे, दिवसरात्र सुरू असतो आणि मराठीत बोलता येते.

यातले काही दिसले तर थेट दवाखाना

चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड, हातापायांत गोळे किंवा फार अशक्तपणा, उलटीत रक्त, पायांवर सूज, नाडी फार मंद होणे, काही दिवस जवळजवळ काहीच न खाणे, किंवा मरणाची भाषा. सततच्या उलट्यांनी रक्तातले पोटॅशियम घसरते आणि हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात, वजन नॉर्मल असले तरी. अनेक दिवस उपाशी असलेल्या माणसाला घरच्या घरी एकदम भरपूर खाऊ घालणेही धोक्याचे असते. ते काम रुग्णालयातच, हळूहळू व्हायला हवे. अशा वेळी आधी जीव वाचवायचा, नात्यांचे बोलणे नंतर.

बाकी वेळी मात्र, पुढच्या खेपेला घरात कोणी ताटावरून उठले तर "राग अन्नावर काढू नको" एवढ्यावर थांबू नका. राग कशाचा आहे, तेही विचारा. महिनाभरात खाणे सुधारले नाही तर तिला घेऊन या, आणि दहा मिनिटे माझ्याशी तिला एकटीला बोलू द्या.